घरी येणारी फिजिओथेरपी सर्विस, मणक्याच्या ऑपरेशननंतर
आईचं कमरेच्या मणक्याचं फ्युजन, म्हणजे मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन झालं, डिस्चार्जनंतर ही सर्विस लावली आणि खरंच खूप फरक पडला. मॅडमनी व्यायामाच्या आधी बेडवरून उठायचं कसं तेच नीट शिकवलं, म्हणजे कुशीवर वळताना खांदे आणि कंबर एकदमच वळवायची, मग पाय खाली सोडत हाताने रेटा देऊन बसायचं, कमरेला पीळ अजिबात नाही. नुसतं झोपून राहू दिलं नाही, थोडं थोडं पण दिवसातून बऱ्याचदा चालायला लावलं, त्याने पायात रक्ताच्या गाठी व्हायचा धोकाही कमी होतो. वाकणं, वजन उचलणं बंद. एकच तक्रार, वेळ पाळत नाहीत, पेनकिलरचा असर उतरल्यावर सेशन झालं की आईला फार दुखायचं. एक स्टार त्याचाच कापला.