लगेच की एकदम?

नागपुरात धरमपेठेत राहणाऱ्या मामेबहिणीला पडलेला पेच: बारीकसारीक कामं दिसली की उरकावीत, की संध्याकाळी एका बैठकीत?

वेळेचं म्हणाल तर वीजबिल भरायला, निरोपाला उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतात. तेवढी तर यादीत लिहिण्यातच जातात. लगेच करा, डोकंही मोकळं राहतं.

एकाग्रतेत मात्र ही पद्धत सपशेल आपटते. सारखा उठणारा कामसू दिसतो, पण मुख्य काम टाळतोच. (टाळाटाळीचा सगळ्यात सभ्य प्रकार!) बाहेरची कामं तर गठ्ठ्यानेच, मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना इतवारी आणि सीताबर्डीच्या वेगळ्या फेऱ्या कोण मारणार?

घर सांभाळणाऱ्यांना ‘लगेच’ बरं. परीक्षार्थींनी संध्याकाळचा अर्धा तास राखावा. कूलरचं पाणी तेवढं संपताच भरा.