लीचेस: रेटिंग बघताना आधी घड्याळ बघा

मी सांगलीत मुलांना बुद्धिबळ शिकवते. आमच्या वर्गाचा घरचा सराव सहा वर्षं लीचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच चालतो. वर्गणी नाही, जाहिराती नाहीत, सगळा कारभार देणग्यांवर. कोडी आणि डावाचं विश्लेषणही फुकट. पण माझा जीव जडला तो तिथल्या रेटिंगच्या, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याच्या, मांडणीवर, आणि पालकांचा घोटाळाही नेमका तिथेच होतो.

डावाला वेळ किती, त्यावरून प्रकार पडतात: सगळ्यात झटपट बुलेट, मग ब्लिट्झ, मग रॅपिड, आणि सगळ्यात सावकाश क्लासिकल. प्रत्येकाचं रेटिंग वेगळं. सुरुवात सगळीकडे 1500. डाव कुठल्या प्रकारात जाणार याचा हिशेब सोपा आहे: मूळ वेळ, अधिक दर चालीला मिळणारे सेकंद गुणिले 40. म्हणून 5+3 चा डाव (पाच मिनिटं, दर चालीला तीन सेकंद) 7 मिनिटांचा धरून ब्लिट्झ, आणि 5+5 चा 8 मिनिटं 20 सेकंदांचा धरून रॅपिड.

मध्यंतरी एक वडील आनंदाने आले. "मॅडम, पोरगी एकोणीसशेला पोचली की! औंदा खुल्या स्पर्धेत घालू या काय?" एकोणीसशे बुलेटचे होते. मी तिला समोर बसवून 15+10 लावलं. नवव्या चालीला तिने माझं बी-2 वरचं प्यादं वजिराने खाल्लं, तीन सेकंदांत. पुढच्या चार चालींत वजीर कोंडला. तेव्हा तिच्या घड्याळात 16 मिनिटं होती, सुरुवातीपेक्षा जास्त! एका मिनिटाच्या डावात तो वजीर कोंडायला समोरच्याला वेळच मिळत नाही, त्यामुळे तिथे तिचं खपून जायचं.

मोठ्यांचे आकडेही असेच वाचावे लागतात. लीचेसच्या बुलेट यादीत वरची मंडळी 3000 च्या पलीकडे असतात, रॅपिडची यादी त्याहून बरीच खाली. म्हणजे ग्रँडमास्टर सावकाश खेळताना कच्चे होतात असं नाही. ते ऑनलाइन रॅपिड फारसं खेळतच नाहीत. लांब डावात समोरचा इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणकी प्रोग्रॅम, लावून बसण्याची धास्ती असते. रेटिंग फक्त त्या-त्या प्रकारात खेळणाऱ्यांमध्येच वर-खाली होतं. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या याद्यांतही फरक दिसतो: माजी जगज्जेत्या कार्लसनचा क्लासिकलचा उच्चांक 2882, ब्लिट्झचा 2986. उलट गुकेश 2024 मध्ये जगज्जेता झाला तेव्हा त्याचं रॅपिड रेटिंग क्लासिकलपेक्षा शंभराहून जास्त गुणांनी कमी होतं.

एक नाव मात्र मला खटकतं. लीचेसवर 25 मिनिटांपासून पुढे सगळं 'क्लासिकल'. पटावरचा क्लासिकल डाव चार-चार तास चालतो, त्यामुळे नवख्या पालकांची दिशाभूल होते.

पुरेसे डाव झाले नसतील तर आकड्यापुढे प्रश्नचिन्ह दिसतं, ही सोय मला फार मोलाची वाटते. त्या मुलीच्या रॅपिडपुढे अजून ते आहे. ते जाईपर्यंत बुलेट बंद, असं तिच्या वडिलांशी बोलून ठरवलंय.