मुलीच्या अर्जावर ‘पर्यटन’ लिहिलं होतं

माझ्या मुलीने हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेतली. तिला अमेरिकेतल्या हॉटेलात वर्षभराची इंटर्नशिप करायची होती. आम्ही सांगलीचे, घरातलं कोणी कधी परदेशी गेलेलं नाही. म्हणून पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीकडे गेलो. “काका, तुम्ही टेन्शनच घेऊ नका,” असं तिथला माणूस सारखं म्हणायचा. पॅकेज सव्वातीन लाखांचं. दीड लाख रोख दिले, पावती नंतर देतो म्हणाला. उरलेले त्याच्या स्वतःच्या खात्यावर पाठवले. त्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या.

कुठल्या व्हिसावर पाठवणार, हे मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कारण तिच्या कॉलेजची एक सीनिअर जे-१ वर, म्हणजे इंटर्नशिपसारख्या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर गेली होती. तो म्हणाला, “जे-१ ला फार वेळ लागतो. बी-१ वर, बिझनेस भेटीच्या व्हिसावर पाठवतो, तिकडे पोचल्यावर हॉटेलवाले बदलून घेतात. व्हिसा म्हणजे नुसतं आत शिरायचं तिकीट.” मला ते पटलं. मुलगी पुन्हा काही विचारू लागली तेव्हा मीच तिला गप्प केलं.

मुंबईत बोटांचे ठसे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत होती. रात्री कुर्ल्याच्या लॉजवर तिने एजंटने दिलेली फाइल पहिल्यांदाच नीट उघडली. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जाच्या छापील प्रती होत्या. वाचता वाचता ती थांबली. “बाबा, यात मी फिरायला चाललेय.” जाण्याचं कारण पर्यटन, मुक्काम १४ दिवस, आणि उतरणार कोणा ‘मैत्रिणीकडे’, जिचं नावही आम्ही कधी ऐकलं नव्हतं. इंटर्नशिपचा शब्द नाही. शेवटच्या पानावर प्रश्न होता, अर्ज भरायला कोणी मदत केली का? उत्तर होतं, नाही. खाली सही म्हणून माझ्या मुलीचं नाव. खरं तर दुसऱ्याने अर्ज भरून दिला तरी ‘साइन अँड सबमिट’चं बटण अर्जदारानेच दाबायचं असतं.

एजंटला फोन लावला. “खिडकीवर फक्त ‘टुरिझम’ म्हणायला सांगा,” म्हणाला. बी-१ वर अमेरिकेतल्या हॉटेलकडून पगार घेता येत नाही, आणि व्हिसासाठी खोटं बोलल्याचं सिद्ध झालं तर कायमची बंदी येऊ शकते. हे तिने त्या रात्री अमेरिकन सरकारच्या साइटवर वाचून दाखवलं. एजंटला हे माहीत नसेल असं मी मानत नाही. सकाळी आम्ही मुलाखतीला न जाता परतीची गाडी धरली. व्हिसाची फी बुडाली, ती परत मिळत नाही.

जे-१ मध्ये सगळी मदार डीएस-२०१९ या पात्रतेच्या कागदावर असते. तो एजंट देऊ शकत नाही, आणि हॉटेलही देऊ शकत नाही, जोवर ते स्वतः मान्यताप्राप्त स्पॉन्सर नसेल. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्य केलेली स्पॉन्सर संस्थाच तो देते आणि त्या संस्थांची यादी खात्याच्या साइटवर सगळ्यांना बघता येते. त्याआधी स्पॉन्सर विद्यार्थ्याशी स्वतः बोलतो. डीएस-७००२ नावाच्या आराखड्यात काय शिकवणार, कोणाच्या हाताखाली, हे लिहून इंटर्न, हॉटेल आणि स्पॉन्सर अशा तिघांच्या सह्या होतात. आमच्या एजंटने या दोन कागदांचं नावसुद्धा काढलं नव्हतं. तुमच्याकडून कोणी पैसे मागत असेल तर आधी स्पॉन्सर कोण ते विचारा, आणि यादीत ते नाव स्वतः शोधा. इंटर्न म्हणून जायचं तर अजून शिकत असावं लागतं, किंवा पदवीनंतर १२ महिन्यांच्या आत इंटर्नशिप सुरू व्हावी लागते. अशा माणसाच्या मागे फिरण्यात ते महिनेही जातात, हे पालकांच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

पैशांपैकी चाळीस हजार परत मिळाले, मग त्याचा फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली आहे. रोख रकमेचा पुरावा माझ्याकडे नाही.

मुलीने मग स्वतः यादीतल्या एका स्पॉन्सरला लिहिलं आणि आधीच्या अर्जाचं सगळं खरं सांगितलं. व्हिडिओवर मुलाखत झाली, डीएस-२०१९ आला, सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीच्या फीचे २२० डॉलर आम्ही थेट सरकारी साइटवर भरले. परवा ती नवा डीएस-१६० भरायला बसली. मी शेजारी बसून पासपोर्टवरचे आकडे वाचून दाखवत होतो. कोणी मदत केली का, हा प्रश्न आला तेव्हा तिने ‘हो’ केलं आणि माझं नाव लिहिलं.