बोटं न बघणारे मास्तर: जुने-नवे टायपिंग ट्यूटर चालवून बघितले

आधी कबुली. वीसेक वर्षं कीबोर्ड बडवतोय आणि बी (B) हे अक्षर अजून उजव्या हाताने मारतो. नियमाने तो डाव्या तर्जनीचा. स्पीड मिनिटाला ६० शब्दांच्या आसपास, ॲक्युरसी ९७ टक्के, त्यामुळे कधी कोणी काही बोललं नाही. पण मध्यंतरी मनगट दुखायला लागलं, म्हटलं एकदाचं पहिल्यापासून नीट शिकू, मग एक ॲप घेतलं, मग दुसरं, मग ब्राउझरमध्ये एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालणारे जुने प्रोग्राम सापडले आणि तीन आठवडे त्यातच गेले, शिकणं राहिलं बाजूला.

सुरुवात मायक्रोसॉफ्टच्या टायपिंग ट्यूटरपासून, साल १९७९. विंडोजचा पत्ताही नव्हता तेव्हा. चित्र नाही, रंग नाही, नुसती अक्षरं. दिसायला एकदम रुक्ष, पण डोकं बघा, प्रत्येक की दाबायला तुम्हाला किती वेळ लागतो ते हा मोजतो आणि जिथे अडखळता तीच अक्षरं पुन्हा पुन्हा समोर आणतो. आज ॲपवाले हेच नवीन म्हणून विकतात. १९८४ च्या टायपिंग ट्यूटर थ्रीमध्ये लेटर इन्व्हेडर्स नावाचा गेम आला, वरून अक्षरं पडतात, तुम्ही टाइप करून ती उडवायची.

पण गेममध्ये खरा बाप मास्टरटाइप. ब्रूस झ्वाइग नावाच्या माणसाने १९८१ मध्ये ॲपल टू या तेव्हाच्या कॉम्प्युटरसाठी काढलेला. मधे तुमचं यान, चार कोपऱ्यांतून चार शब्द अंगावर येतात, शब्द टाइप केला की शत्रू खलास. पहिल्याच संध्याकाळी मला एक गोष्ट जाणवली, मान खाली घालून कीबोर्ड बघितला की मेलोच. स्क्रीनवरून नजर न हलवायची सवय या गेमने एका तासात लावली, जी दोन ॲप आठवडाभर सूचना देऊन लावू शकले नव्हते. गडबड एवढीच की जीव वाचवायच्या घाईत कोणतं बोट कुठे जातंय याचं भान कोणाला असतं? बी आला की उजवा हात धावला. शत्रू मेला, गेम खूश, मी पण खूश.

आणि माझी मुख्य तक्रार इथेच आहे. या सगळ्या सॉफ्टवेअरला कोणती की दाबली ते कळतं, कोणत्या बोटाने दाबली ते कळत नाही. टाइपरायटरच्या क्लासमध्ये सर मागे उभे राहायचे, बोट चुकलं की त्यांना दिसायचं. घरी कॉम्प्युटरवर शिकताना मागे कोणीच नाही.

मेव्हिस बीकनची गंमत त्यामुळेच जास्त वाटली. द सॉफ्टवेअर टूलवर्क्सने १९८७ मध्ये आणलेला हा प्रोग्राम, डब्यावर रुबाबदार कपड्यातल्या बाईंचा फोटो, असंख्य लोकांना वाटायचं की ह्या कोणीतरी खऱ्याखुऱ्या टायपिंगच्या मॅडम आहेत. अशी बाई कधी नव्हतीच. फोटो हैतीत जन्मलेल्या एका मॉडेलचा, परफ्यूमच्या काउंटरवर काम करताना कंपनीतल्या एकाने तिला बघितलं होतं. नावातलं मेव्हिस आलं गायिका मेव्हिस स्टेपल्सवरून. मला हे मार्केटिंग फार हुशार वाटतं, मागे उभ्या राहणाऱ्या सरांची जागा रिकामी होती, तिथे यांनी एक चेहरा आणून ठेवला. प्रोग्रामही चांगलाच आहे हां, तुमच्या चुका बघून धडे बदलतो, आणि कारच्या गेममध्ये चूक झाली की समोरच्या काचेवर किडा येऊन फुटतो. फच्च! लाल अक्षरात एरर दाखवण्यापेक्षा हा किडा जास्त लागतो मनाला.

१९९२ चा मारिओ टीचेस टायपिंग लहान मुलांना द्या, त्यात स्क्रीनवर हात काढलेले आहेत, कोणतं बोट वापरायचं ते दिसतं. पाळलं की नाही ते मात्र त्यालाही कळत नाही. सेगाच्या टायपिंग ऑफ द डेडमध्ये तर बंदुकीऐवजी कीबोर्ड घेऊन झोम्बी मारायचे, त्यातली पात्रं पाठीवर ड्रीमकास्ट, म्हणजे सेगाचाच गेम कन्सोल, लटकवून फिरतात, इतका वेडेपणा आता कोणी करत नाही. शिकण्यासाठी शून्य, मजेसाठी पाच स्टार.

नव्यांमध्ये ब्राउझरमध्ये चालणारा कीबीआर (keybr) मला पटला. थोड्याच अक्षरांनी सुरुवात, ती जमली की पुढचं अक्षर उघडतं, आणि शब्द खोटे पण उच्चारता येतील असे, त्यामुळे बोटं पाठांतरावर पळत नाहीत. मंकीटाइप दिसायला सगळ्यात देखणा, पण तो परीक्षक आहे, शिक्षक नाही, नेहमीचे २०० सोपे शब्द देतो आणि आकडा दाखवतो. तो आकडा बघून हुरळून जाऊ नका, टायपिंगमध्ये पाच कॅरेक्टर म्हणजे एक शब्द असा हिशोब असतो, त्यात विरामचिन्हं आणि कॅपिटल नसतील तर स्पीड फुगतोच. एका पैसे भरायच्या ॲपचं नाव घेत नाही, त्याने चौथ्या दिवशी मला सर्टिफिकेट दिलं. चौथ्या दिवशी!

शेवटी मोबाईल हातांच्या वर टेकवून दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला. नऊ वेळा बी, नऊही वेळा उजवा हात, आणि डावी करंगळी कपाचा कान धरल्यासारखी हवेत. त्या राउंडला स्क्रीनवर शाबासकी आली होती.

आता हातांवर नॅपकिन टाकून जीएनयू टायपिस्ट चालवतोय, फुकट आहे, दिसायला १९७९ वाल्यासारखाच रुक्ष, आणि खडूस इतका की सरावात तीन टक्क्यांच्या वर चुका झाल्या की तोच धडा परत. स्पीड ६० वरून ३१ वर आलाय, बी असलेल्या धड्यात पाचव्यांदा अडकलोय. चार स्टार. एक कापला कारण काचेवर फुटणारा किडा यात नाही.