घर ठाण्यात की वसईत?

मुंबईत जागा परवडेना, की ठाणे आणि वसई ही दोन नावं हमखास पुढे येतात. भाव आणि चौरस फूट सगळेच सांगतात. मला शेजाराबद्दल बोलायचंय.

प्रवासात ठाणं सरस आहे, यात वाद नाही. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून इथेच आली, आणि आज मध्य रेल्वेसोबत वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्स-हार्बरही आहे. गावात कोपिनेश्वराचं मंदिर, मासुंदा तलाव, तलावाजवळच जुनं चर्च, बेने इस्रायली ज्यूंचं १८७९ चं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आणि चेंदणी कोळीवाडा. नाटकवेड्याला गडकरी रंगायतन.

वसईकरांना मात्र रोज विरार लोकलशी झुंजावं लागतं. ऑफिस चर्चगेटच्या बाजूला नसेल तर दोनदा विचार करा.

पण स्टेशनपासून पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने एकदा जाऊनच बघा! केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, राजेळी केळी सुकवून केलेली सुकेळी, इथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाच्या घरांत आजही बोलली जाणारी कादोडी बोली. भाषा मराठीच्या कुळातली, प्रार्थना चर्चमधली, आणि शेजारी वाडवळ, कोळी समाज. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला इथला. वसई-विरार महापालिकेतल्याच सोपाऱ्यात अशोकाचे शिलालेख आणि बौद्ध स्तूप सापडले. एवढं वैविध्य इतक्या जवळ मला दुसरीकडे दिसलं नाही.

लहान मुलं आणि दोघांची नोकरी असेल तर ठाणं घ्या. घरून काम असेल, तर मी वसईच सांगेन.