कामाचा दौरा आणि घरच्यांची सहल: बेंगळूरच्या हिरव्या मेट्रो मार्गाचे परीक्षण

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छे परिसरात ज्यांचा छोटा कारखाना आहे, त्यांना अधूनमधून बेंगळूर गाठावेच लागते. कधी तिथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कंपनीत जॉबचे नमुने दाखवायचे असतात, कधी एखाद्या खात्यात अडकलेला कागद पुढे सरकवायचा असतो, आणि जानेवारीत तुमकूर रस्त्यावरील बेंगळूर आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्रात भरणारे इम्टेक्स तर आमच्या व्यवसायात चुकवून चालत नाही. हे प्रदर्शन विषम वर्षी धातू कापणाऱ्या यंत्रांचे आणि सम वर्षी पत्रा व प्रेसकामाच्या यंत्रांचे असते, त्यामुळे ज्याचे जसे काम तसे त्याचे वर्ष ठरते. नेमके याच दिवसांत प्रजासत्ताक दिनानिमित्त लालबागेत पुष्पप्रदर्शन भरते, आणि घरातील मंडळींचे म्हणणे असते की, ‘तुम्ही जाताच आहात, तर आम्हालाही न्या.’ या मागणीला होकार देता येतो की नाही, हे पूर्वी बेंगळूरच्या रस्त्यांवरील वाहतुकीवर अवलंबून असे. आता ते बहुतांशी नम्म मेट्रोच्या हिरव्या मार्गावर अवलंबून आहे, म्हणून हे परीक्षण त्या मार्गाचे आहे.

मादावर ते सिल्क इन्स्टिट्यूट असा उत्तर-दक्षिण जाणारा हा मार्ग सुमारे ३३ किलोमीटरचा आहे. त्याचा मुख्य भाग २०१७ मध्ये पूर्ण झाला, परंतु आमच्यासारख्यांच्या दृष्टीने खरा फरक पडला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, जेव्हा नागसंद्रच्या पुढे मंजुनाथनगर, चिक्कबिदरकल्लू आणि मादावर ही तीन स्थानके सुरू झाली. मादावर स्थानक प्रदर्शन केंद्राला लागूनच आहे. त्याआधी नागसंद्रला उतरून तुमकूर रस्त्यावरच्या ट्रकांच्या रांगांतून रिक्षाने जावे लागे आणि सकाळचा महत्त्वाचा वेळ त्यातच निघून जाई. आता कारखानदार उत्तरेच्या टोकाला प्रदर्शनात किंवा पीण्यात काम करीत असताना त्याचे कुटुंब याच मार्गावर दक्षिणेकडे शहर पाहू शकते, आणि संध्याकाळी दोघांनाही मुक्कामाच्या स्थानकावर येण्यासाठी गाडी बदलावी लागत नाही. माझ्या मते या सेवेचे सर्वांत मोठे मोल इथे आहे. कामाच्या दौऱ्यात घरच्यांना सोबत नेले की एक तर काम अर्धवट राहते किंवा घरची मंडळी लॉजच्या खोलीत दिवस काढतात. हे दोन्ही टाळायचे असेल तर घरच्यांना आपल्यावाचून सुरक्षितपणे फिरता आले पाहिजे, आणि तशी सोय हा मार्ग देतो.

बेळगावकरांसाठी आणखी एक गोष्ट जुळून आली आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी बेळगाव-बेंगळूर वंदे भारत सुरू झाली आणि त्याच दिवशी मेट्रोचा पिवळा मार्गही खुला झाला. ही गाडी पहाटे ५ वाजून २० मिनिटांनी बेळगावहून निघते आणि धारवाड, हुबळी, हावेरी, दावणगेरे, तुमकूर करीत दुपारी दोनच्या आत बेंगळूरला पोहोचते. तिला यशवंतपूरला थांबा आहे, आणि हिरव्या मार्गावर मुक्काम असणाऱ्याने तिथेच उतरावे, असे मी आवर्जून सांगेन. यशवंतपूर रेल्वे स्थानकातून त्याच नावाच्या मेट्रो स्थानकावर चालत जाता येते. शेवटपर्यंत गेल्यास बेंगळूरच्या मुख्य स्थानकावरून आधी जांभळ्या मार्गावर जावे लागते आणि मग मॅजेस्टिक या दोन्ही मार्गांच्या जोडस्थानकावर मार्ग बदलावा लागतो. सामान, लहान मुले आणि वयस्कर माणसे सोबत असताना हा फेरा नको वाटतो. अर्थात त्या मुख्य स्थानकाला क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांचे नाव आहे, आणि खानापूर तालुक्यातील नंदगडला १८३१ मध्ये ज्यांना फाशी दिले गेले त्या आपल्या जिल्ह्यातील वीराचे नाव राजधानीच्या प्रवेशद्वारी पाहण्यासाठी मुलांना एकदा तरी तिथे न्यावे. रात्रीच्या प्रवासाला प्राधान्य देणाऱ्यांसाठी राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहेच. परंतु आईसारख्या ज्येष्ठांना दिवसाचा खुर्चीचा प्रवास अधिक मानवला, असे मी पाहिले आहे.

मुक्काम कुठे करावा, यावर सगळी सहल उभी राहते. बरेच जण सवयीने मॅजेस्टिकजवळ लॉज घेतात. माझे मत वेगळे आहे. यशवंतपूर ते मल्लेश्वरम हा पट्टा या दौऱ्यासाठी अधिक योग्य आहे, कारण उत्तरेकडील काम आणि दक्षिणेकडील प्रेक्षणीय स्थळे या दोन्हींच्या मधोमध तो येतो. शिवाय मल्लेश्वरम ही जुन्या वस्तीची, झाडांची, पायी फिरण्याजोगी जागा आहे, आणि संध्याकाळी थकून आलेल्या माणसाला डोसा खाण्यासाठी दूर जावे लागत नाही.

मल्लेश्वरमचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि मराठी वाचकांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बेंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या वंशजाकडून हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. त्यानंतर १६८७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक, हे शहर भोसल्यांच्या ताब्यात होते. या काळाची जिवंत खूण मल्लेश्वरममधील काडू मल्लेश्वर मंदिरात आहे. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव या देवाच्या पूजेअर्चेसाठी दिल्याची नोंद १६६९ च्या शिलालेखात आहे. मंदिरासमोरच नंदीतीर्थ आहे, जिथे दगडी नंदीच्या मुखातून सतत पडणारे पाणी खालच्या शिवलिंगावर येते. मातीखाली गाडले गेलेले हे स्थान १९९७ च्या सुमारास पुन्हा उजेडात आले. मंत्री स्क्वेअर संपिगे रोड स्थानकावरून इथे थोडे चालावे लागते, पण रस्ता सोपा आहे. शिवचरित्र तोंडपाठ असलेल्या आपल्या मुलांना बेंगळूरचे हे पान सहसा ठाऊक नसते. लालबाग आणि विधानसौध दाखवून परत येणाऱ्या मंडळींनी हे मंदिर वगळू नये, असे मला फार वाटते. शहाजीराजांची समाधी मात्र बेंगळुरात नसून चन्नगिरी तालुक्यातील होदिगेरे येथे आहे. तिच्यासाठी दावणगेरेला उतरून स्वतंत्र दिवस काढावा लागेल.

हिरव्या मार्गावर पुढे कृष्णराजेंद्र मार्केट स्थानक येते. भूमिगत स्थानकातून वर आल्यावर फुलांच्या बाजाराची गर्दी एकदम अंगावर येते, म्हणून लहान मुलांचा हात सोडू नये. इथून चालत जाण्याच्या अंतरावर टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल आहे, ज्याचे काम हैदरअलीच्या काळात सुरू होऊन १७९१ मध्ये पूर्ण झाले. सागवानी खांब आणि कमानींची ही इमारत लहान आहे आणि ती तासाभरात पाहून होते. तिच्या शेजारचे कोटे वेंकटरमण मंदिर त्याहून जुने, म्हणजे म्हैसूरच्या वडियार राजांच्या काळातले आहे. पुढे नॅशनल कॉलेज स्थानकावरून बसवनगुडी गाठता येते. तिथला एकसंध दगडातला भव्य नंदी आईने बराच वेळ पाहिला. त्याच भागातील गांधी बाजारात १९४३ पासून चालू असलेले विद्यार्थी भवन आहे, परंतु ते शुक्रवारी बंद असते आणि सुटीच्या दिवशी तिथे बाहेर बराच वेळ उभे राहावे लागते.

लालबाग हे या मार्गावरचे सर्वांत सोपे आणि सर्वांत समाधान देणारे ठिकाण आहे. स्थानकातून उतरले की पश्चिमेकडील प्रवेशद्वार जवळच आहे. १७६० मध्ये हैदरअलीने सुरू केलेली ही बाग आज सुमारे २४० एकरांची आहे. तिच्यातील काचघराची पायाभरणी १८८९ मध्ये झाली, आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत व ऑगस्टमध्ये, पुष्पप्रदर्शन तिथेच भरते. बागेतील खडक सुमारे ३०० कोटी वर्षे जुना असून त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे, आणि त्याच्यावर केंपेगौडांच्या नावाचा छोटा मनोरा आहे. मुलांना खडकावर चढू द्यावे आणि ज्येष्ठांनी झाडाखालच्या बाकावर बसावे, अशी दोन्ही वयांची सोय होणारी जागा शहरात दुसरी नाही. पुष्पप्रदर्शनाच्या काळात शनिवार-रविवारी मात्र इतकी गर्दी होते की फुलांपेक्षा माणसेच अधिक दिसतात. घरच्यांना शक्यतो मधल्या वारी सकाळी पाठवावे. कामासाठी आलेल्या माणसाला तसेही मधलेच वार मिळालेले असतात, आणि घरची मंडळी त्याच्यासाठी थांबत नसल्यामुळे त्यांना ते साधता येते.

मॅजेस्टिकला जांभळ्या मार्गावर बदलले की विधानसौध आणि कब्बन पार्क येते. केंगल हनुमंतय्या मुख्यमंत्री असताना उभारलेली आणि १९५६ मध्ये पूर्ण झालेली ही ग्रॅनाइटची वास्तू बेळगावच्या मुलांना आधीच ओळखीची वाटते, कारण हलग्याजवळचे सुवर्ण विधानसौध त्यांनी राष्ट्रीय महामार्गावरून नेहमी पाहिलेले असते. कस्तुरबा रस्त्यावरील विश्वेश्वरय्या औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा, कारण कारखानदाराच्या मुलांना आपल्या वडिलांचे काम समजून घेण्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही. तिथल्या इंजिन दालनात खरी यंत्रे पाहायला मिळतात आणि राइट बंधूंच्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. माझ्या मुलाने दिवसभर दालनांत घालवून रात्री मला गिअरच्या जोड्यांबद्दल जे प्रश्न विचारले, तसे त्याने आमच्या वर्कशॉपमध्ये उभे राहून कधी विचारले नव्हते.

आता दरांविषयी स्पष्टपणे लिहिले पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोचे दर वाढले. त्या दरपत्रकानुसार २ किलोमीटरपर्यंत १० रुपये आणि २५ किलोमीटरच्या पुढे ९० रुपये पडतात. एकट्या माणसाला मादावरपर्यंत जाण्यासाठी हा दर रास्त आहे, कारण तेवढ्या अंतराला टॅक्सी कितीतरी महाग पडते आणि वेळेची खात्रीही देत नाही. परंतु चौघांच्या कुटुंबाने एखाद-दुसऱ्या स्थानकासाठी मेट्रोत बसावे का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. ऑगस्ट २०२५ पासून रिक्षाचे मीटरचे भाडे पहिल्या २ किलोमीटरला ३६ रुपये व पुढे प्रतिकिलोमीटर १८ रुपये आहे. म्हणजे मीटरप्रमाणे येणारी रिक्षा मिळाली तर तिघांच्या छोट्या प्रवासाला ती मेट्रोच्या बरोबरीची ठरते. मीटरप्रमाणे येण्यास तयार असलेली रिक्षा मिळणे हीच अडचण आहे, आणि रेल्वे स्थानकाबाहेर तर ती फार मोठी आहे. स्मार्ट कार्ड घेतल्यास ५ टक्के सवलत मिळते, आणि प्रत्येक वेळी तिकिटाच्या रांगेत उभे राहणे वाचते, हा त्याहून मोठा लाभ आहे. मोठ्या आकाराच्या बॅगेला वेगळे शुल्क पडते, त्यामुळे गावाकडची पद्धत बाजूला ठेवून दोन-तीन लहान बॅगांत सामान भरावे.

स्थानकापासून प्रत्यक्ष ठिकाणापर्यंतचा टप्पा ही या सेवेची उणीव आहे. बसवनगुडीचा नंदी किंवा विश्वेश्वरय्या संग्रहालय स्थानकाला लागून नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाऊण किलोमीटरही जास्त असतो. इथे आपल्या सीमाभागातील स्त्रियांना एक सोय आहे, जिचा उपयोग अनेक जणी करीत नाहीत. जून २०२३ पासून लागू असलेल्या शक्ती योजनेत कर्नाटकातील स्त्रियांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो, आणि ती सवलत बेंगळूरच्या शहर बसलाही आहे. कर्नाटकातील पत्ता असलेले आधार कार्ड सोबत असावे. वातानुकूलित बस मात्र यात येत नाहीत. निपाणी, खानापूर, बेळगावची मराठी भगिनी या योजनेची तितकीच हक्कदार आहे. माझ्या पत्नीने आणि आईने मेट्रो व साधी बस यांची सांगड घालून सगळे शहर पाहिले.

मेट्रोतील फलक आणि घोषणा कन्नड व इंग्रजीत असतात. आपल्याकडील मुले शाळेत कन्नड शिकलेली असल्याने त्यांना अडचण येत नाही, पण मराठी शाळेत शिकलेल्या ज्येष्ठांना आधी रंग आणि शेवटच्या स्थानकाचे नाव पक्के सांगून ठेवावे. परतताना मादावरकडे जाणारी गाडी, फिरायला जाताना सिल्क इन्स्टिट्यूटकडे जाणारी गाडी, एवढे लक्षात राहिले की चुकण्याचा संभव उरत नाही. पहिल्या डब्यात स्त्रियांसाठी राखीव जागा असते. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळेत मॅजेस्टिकला मार्ग बदलणे वयस्करांना त्रासाचे होते, म्हणून जांभळ्या मार्गावरची ठिकाणे दुपारी पाहावीत.

परतीची वंदे भारत बेंगळूरहून दुपारी २ वाजून २० मिनिटांनी सुटते आणि रात्री अकराच्या आत बेळगावला पोहोचवते. शेवटच्या दिवशी सकाळचे काम उरकून ती गाठता येते, मात्र ही गाडी बुधवारी धावत नाही, आणि कंपन्यांच्या भेटी सोमवार-मंगळवारी ठरल्या की परतीचा वार नेमका बुधवार येतो. भेटीची तारीख ठरवण्याआधीच हा वार पाहून घ्यावा. बुधवारीच निघणे भाग असेल तर रात्रीच्या गाडीचे आरक्षण करून तो दिवस मल्लेश्वरम आणि लालबागेसाठी ठेवावा.