सौरज्वाला पाहण्यासाठी हेलिओव्ह्यूअर

सौरज्वालेची, म्हणजे सूर्यावर अचानक होणाऱ्या प्रचंड स्फोटाची, ऊर्जा सूर्याच्या वातावरणात नेमकी कुठे जिरते, हे पाहायचे असेल तर हेलिओव्ह्यूअर हे विनामूल्य संकेतस्थळ उत्तम आहे. ६ सप्टेंबर २०१७ ची एक्स ९.३ तीव्रतेची (एक्स हा सर्वांत तीव्र वर्ग) ज्वाला १६०० अँगस्ट्रॉम (प्रकाशाच्या तरंगलांबीचे एकक) तरंगलांबीच्या चित्रांत लावली, की किरीटातून (सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणातून) चुंबकीय रेषांवरून खाली झेपावलेले इलेक्ट्रॉन दाट वर्णगोलावर (किरीटाखालच्या थरावर) आदळून ज्या जागा तापवतात, त्या लखलखीत पट्ट्यांच्या रूपाने दिसतात. १३१ अँगस्ट्रॉम निवडल्यावर तिथूनच वर उसळलेल्या, सुमारे एक कोटी अंश तापलेल्या प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) भरलेल्या कमानी उजळतात. खुद्द इलेक्ट्रॉनांचा माग मात्र या चित्रांत लागत नाही, त्यासाठी क्ष-किरणांच्या नोंदीच हव्यात. शिवाय मोठी ज्वाला ऐन भरात असताना ही चित्रे टिपणाऱ्या नासाच्या एसडीओ या सूर्यनिरीक्षक यानाचे कॅमेरे दिपतात आणि नेमका हवा तो भाग पांढऱ्या डागात हरवतो. मोबाइलपेक्षा संगणकावरच पाहावे.